कागदावरची जोडीदारीण

कपाळावर राख लागली की माझ्या नाकाला छापखान्याच्या शाईचा वास येतो. आज राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्साला फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, तू माती आहेस आणि मातीतच जाणार आहेस याची रीतसर आठवण करून दिली, आणि मी रांगेतून परत येऊन बाकावर टेकले. अशा वेळी बाईमाणसानं आपल्या मरणाचा, गेलाबाजार आपल्या पापांचा तरी विचार करावा. मला आठवलं ते एक मासिक. पातळ, दोन पिनांनी टाचलेलं, मुखपृष्ठावर संत योसेफ आणि त्याच्या हातात रंधा. त्याला बंद पडून आता बरीच वर्षं झाली, पण उपवासकाळ आला की ते माझ्यापुरतं पुन्हा निघतं.

आमच्याकडे उपवासकाळ येतो तो आंब्याच्या मोहोरातून. सकाळी हवेत थोडा गारवा उरलेला असतो, दुपारी मात्र वाडीतल्या केळी माना टाकतात. वालाच्या शेंगा झोडून झालेल्या असतात आणि त्यांची टरफलं अंगणात पायाला टोचतात. विहिरीचं पाणी खाली जातं, मिठागरं पांढरी दिसायला लागतात. अर्नाळ्याकडून वारा सुटला की सुक्या बोंबलांचा वास थेट देवळाच्या दारापर्यंत येतो आणि उपास धरलेल्या माणसाची परीक्षा बघतो. माझं माहेर अर्नाळ्याचं, मच्छीमारांचं. आगाशीजवळच्या ह्या वाडीत लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्याच उपवासकाळात घाबरून आईला विचारलं होतं की ह्यांच्याकडे मासळी चालते का. आई म्हणाली, "उपासाला मटान नाय खायाचं. म्हावरा खाल्ला तं पाप नाय. देवाचे निम्मे चेले कोलीच होते."

हे म्हणजे माझे यजमान, सायमन. वसईच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे सगळ्यांचे सायमन सर. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या समाजात बायकांची मंडळं आहेत, तरुणांची आहेत, मुलांना धर्मशिक्षण आहे, फक्त बाप्यांनाच कुणी काही शिकवत नाही. ते मिस्साला येतात आणि प्रवचन सुरू झालं की बाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहतात. नवरा कसा असावा, बाप कसा असावा, पुरुषपण म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कोण सांगणार? तर हे सांगणार. असं 'घरधनी' निघालं. ते देवळाचं नव्हतं, कुठल्या संस्थेचं नव्हतं. फादर हसले आणि म्हणाले, चालू द्या, पण अंक कंपाउंडच्या बाहेर वाटा. संपादक हे, लेखक बहुतेक हेच, आणि मैद्याची खळ शिजवून पत्ते चिकटवणारी मी.

मला त्या मासिकाचा मत्सर वाटायचा. आडवळणानं कशाला सांगू? जेवायचं टेबल त्यानं घेतलं, आम्ही जमिनीवर जेवू लागलो. रविवारची दुपार घेतली. संध्याकाळी शाळेतून आल्यावर पाय धुऊन ओसरीवर बसायचं आणि मला दिवसभराचं काहीबाही सांगायचं, ही ह्यांची लग्नापासूनची सवय, तीही घेतली. नवरा दारू पीत असेल तर बायकोला चार लोकांत रडता तरी येतं. नवरा रोज संध्याकाळी टेबलाशी बसून 'पत्नीला वेळ द्या' असा लेख लिहीत असेल तर तिनं तक्रार करायची कुणाकडे? एकदा मी म्हटलं की संत योसेफानं बायबलात एक अक्षर काढलेलं नाही, काय ते करून दाखवलं. ह्यांनी मान वर केली, 'छान मुद्दा आहे' म्हणाले, आणि तो लिहून घेतला.

पण खरा जीव जळायचा तो 'घरातल्या घरात' ह्या सदरानं. ते दर महिन्याला हे स्वतः लिहायचे आणि लोक अंक हातात आला की आधी तेच वाचायचे. त्यात एक बाई असायची. तिला नाव नव्हतं. 'माझी जोडीदारीण' एवढंच. लेखातला नवरा ह्या जोडीदारिणीला सकाळी अंथरुणात चहा नेऊन द्यायचा. तिच्याबरोबर वाळलेले कपडे घडी करायचा. भांडण झालं तर स्वतः आधी माफी मागायचा आणि येताना मोगऱ्याचा गजरा आणायचा. तीही काही कमी नव्हती. मोजकं बोलायची, पण बोलली की चौकटीत छापावं असं. 'नात्यालाही रोज पाणी घालावं लागतं' असं ती एकदा कपडे घडी करताना म्हणाली. मी आयुष्यात असं काही बोललेली नाही. मी म्हणते, दूध उतू गेलं बघा.

तो चहाचा लेख ह्यांनी लिहिला ती सकाळ मला लख्ख आठवते, कारण लिहिताना हे मला म्हणाले होते, "जरा चहा टाक गं." मी टाकला, नेऊन दिला, आणि माझा चहा पीतपीत ह्यांनी तिला चहा दिला. खरीखुरी सवत असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, निदान तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता आले असते. ह्या बाईचं करायचं काय? तिचे गठ्ठे मीच बांधत होते.

आगाशीच्या बाजारात बायका मला थांबवायच्या. तुझं नशीब मोठं, म्हणायच्या. आमचे मेले ताटावरून उठताना पाण्याचा तांब्याही उचलत नाहीत, तुझ्या हातात सकाळी चहा येतो. मी हसायची. दुसरं काय करणार? शाळेत हे मुलांना 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ह्या म्हणीचा वाक्यात उपयोग करायला सांगायचे. माझ्याकडे वाक्यं पुष्कळ होती.

आणि तरी हे खोटारडे नव्हते. ह्यांनी कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, पगार घरी आणला. लिहीत होते ते सगळं ह्यांना मनापासून वाटत होतं. इतकं वाटत होतं की लिहून झालं म्हणजे करून झालं असंच ह्यांच्या मनाला वाटत असावं. लेख संपवून उठायचे तेव्हा चेहरा असा निवलेला असायचा की खरंच कुणालातरी सुखी करून आलेत. फक्त ती कुणीतरी मी नव्हे.

शेजारी फेलसू राहायची, अजूनही राहते. तिचा नवरा पास्कल तेव्हा कामणच्या गोदामांत माल पोचवायचा टेम्पो चालवायचा. आवाज असा की तो आगाशीच्या नाक्यावर बोलला तर बोळिंजमध्ये कळावं. पिणारा नव्हता रोजचा, पण प्यायला की फेलसूचं सगळं खानदान एकेक करून अंगणात बोलवायचा. ह्यांनी त्याला अंक वाटायच्या कामाला धरलं, कारण टेम्पो त्याच्याकडे. गोदामाबाहेर माल उतरेपर्यंत तासन् तास बसावं लागायचं, तेव्हा तो गाडीत बसून अक्षरांखाली बोट धरत 'घरधनी' वाचू लागला.

त्या वर्षी उपवासकाळाच्या अंकात ह्यांनी लिहिलं की पुरुषांनो, मटण सोडण्यात काही विशेष नाही. ह्या वर्षी आवाज सोडा. आणि बायकोचं रोजचं एक काम ईस्टरपर्यंत आपल्याकडे घ्या. गावातल्या बाप्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि मटण सोडलं. पास्कलनं मात्र आवाज सोडला. राखेच्या बुधवारपासून तो घरात इतक्या हळू बोलू लागला की म्हातारी सासू फेलसूला विचारायला लागली, त्याला काय झालंय, डॉक्टरकडे न्या. मग त्यानं पाणी भरायला घेतलं. विहिरीच्या रहाटाचा आवाज पहाटे ऐकू यायचा आणि मी अंथरुणात पडून ओळखायची की आज फेलसू झोपली असणार.

फेलसू तशी साधी, पण तिला आनंद पोटात ठेवता येत नाही. कुंपणाशी येऊन रोज एक बातमी द्यायची. आज त्यानं भांडी घासली. आज त्यानं मुलीची वेणी घातली, वाकडी घातली, पण घातली. एक दिवस तर म्हणाली, "पास्कूनं बोंबील साफ केले गो. म्हनतो, सरांनी लिवलंय. तुजा घरधनी देवमानूस हाय."

मी म्हटलं, हो ना. आणि आत येऊन वाटण वाटायला बसले ते पाट्याला खड्डा पडेल इतकं. फेलसूचं असं काय होतं माझ्यापेक्षा जास्त? तिचा नवरा सुधारला तो माझ्या घरातल्या कागदानं. खळ शिजवली मी, पत्ते चिकटवले मी, आणि पहाटेचं पाणी भरून मिळालं तिला. दुसऱ्याच्या सुखानं पोटात दुखणं हे पाप आहे हे मला धर्मशिक्षणात शिकवलेलं होतं. पण त्या उपवासकाळात मला सोडायला सांगितलं असतं तर मी मीठसुद्धा सोडलं असतं, तो मत्सर सोडला नसता. तेवढंच एक माझं स्वतःचं होतं.

आता बोळिंजच्या बाजूला बघितलं की मोहोराऐवजी इमारतींच्या गच्चीवरचे टाक्यांचे ढीग दिसतात. भाताची खाचरं भरून टाकली. तिथल्या लोकांना पाणी टँकरनं जातं आणि आमच्या रहाटाला गंज चढलाय. परवा एका इमारतीतली तरुण बाई आमच्या वाडीतली फुलं विकत घ्यायला आली, तिचा नवरा कडेवर पोर घेऊन, खांद्याला दुधाच्या बाटलीची पिशवी लावून मागे उभा. मला वाटलं, ह्याला कुणी मासिक वाचायला दिलं? कुणी दिलेलं नसणार. त्या बाईचाही मला क्षणभर राग आला.

तर ईस्टरचा अंक. कुठल्याही सणाचा अंक सणाच्या आधी तयार करावा लागतो, हे मासिक काढणाऱ्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. नाताळचे लेख ऑक्टोबरच्या उकाड्यात लिहायचे, आणि ते असे लिहायचे की वाचणाऱ्याला वाटावं बाहेर थंडी पडलीय. तसा ईस्टरचा अंक उपवासकाळाच्या मध्यावर छापखान्यात गेला. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी पास्कलनं गठ्ठे आणून ओसरीवर टाकले. हातोहात वाटायचे गठ्ठे त्याच्या टेम्पोतच राहिले, ते द्यायचे होते आठवड्यानं, ईस्टरच्या मिस्सानंतर. मी खळ चुलीवर ठेवली आणि नेहमीसारखं आधी तेच पान उघडलं.

लेखात ईस्टरआधीचा आज्ञा गुरुवार होऊन गेला होता. त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्साला फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. लेखातला नवरा ते पाहून घरी येतो. जोडीदारिणीला ओसरीवर बसवतो. कोमट पाणी आणतो आणि खाली बसून तिचे पाय धुतो. तिच्या टाचांच्या भेगांवरून त्याचा हात फिरतो आणि त्या भेगांमध्ये त्याला तिचे सगळ्या वर्षांचे कष्ट दिसतात. जोडीदारीण काही बोलत नाही, फक्त डोळे पुसते. शेवटी लिहिलं होतं की प्रत्येक घरधन्यानं आज्ञा गुरुवारी हे करावं.

मी पदर सावरून आपल्या टाचा बघितल्या. माझ्या टाचांना भेगा नाहीत. कधीच नव्हत्या. हे मी अभिमानानं सांगते, कारण आईनं लहानपणापासून वजरीनं टाचा घासायची आणि वरून खोबरेल लावायची सवय लावली होती. टोपली डोक्यावर घेऊन वाळूतून चालणाऱ्या बाईचे पाय चांगले पाहिजेत, असं ती म्हणायची. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, तिथे एक गोळा आहे. त्याचा लेखात पत्ताच नव्हता. एका घरात इतकी वर्षं राहून ह्या माणसानं माझे पाय पाहिले नव्हते, आणि जिचे पाहिले होते तिच्यासाठी पाणी कोमट केलं होतं.

ह्यांना मी विचारलं, की गुरुवार अजून यायचाय आणि तुम्ही धुऊन मोकळे झालात? हे जरा हसले. म्हणाले, "लोकांच्या हातात पडेल तेव्हा गुरुवार झालेला असेल. तोवर करूच की."

मी ते 'करूच की' धरून ठेवलं. आता हसू येतं, पण मला खरोखरच वाटलं की ह्या वेळी होईल. छापलंय म्हटल्यावर करावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार. हे आत देवळात वाचन करत होते, आणि बाहेर पास्कल हातात झावळी घेऊन गर्दी बघत होता. इतकी माणसं ईस्टरलाही यायची नाहीत. आणि लेख वाचून त्याला वाटलं की गुरुवारी करायची गोष्ट लोकांना गुरुवारनंतर कळून काय उपयोग? त्यानं टेम्पोतून गठ्ठे काढले आणि सगळे अंक वाटून टाकले. हे बाहेर आले तेव्हा एकही उरला नव्हता. पास्कल आनंदानं घामाघूम झाला होता. त्याला रागवायचं तरी कसं? त्याचंच बरोबर होतं.

त्या आठवड्यात सगळं गाव माझ्या पायांकडे बघत होतं. बायकांनी समजूत करून घेतली की मागच्या वर्षीची हकिगत आहे. मासळीवालीनं तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "दाव गो, कुठल्या भेगा?" मी साडी ओढून घेतली आणि पापलेट न घेताच परत आले. कुणी म्हणायचं, तू रडलीस म्हणे. कुणी म्हणायचं, आमच्याकडे पण धुणार हायत, बघू या. जी गोष्ट मला मिळाली नव्हती तिचं कौतुक मी दिवसभर गोळा करत फिरत होते. ते घरी आणायचं आणि द्यायचं कुणाला? जोडीदारिणीला.

आज्ञा गुरुवारसाठी फादरांनी जे बारा पुरुष निवडले त्यांत त्या वर्षी सायमन सर होते. लेखाचाच मान तो. आता, सगळ्या देवळासमोर ज्यांचे पाय फादर हातात घेणार, ते घरून चांगले धुऊन जातात, ही रीत आहे. नाहीतर घरच्या बाईची शोभा होते. म्हणून त्या दुपारी ओसरीवर बसून मी ह्यांच्या टाचा वजरीनं घासल्या. नखं कापली. बोटांच्या बेचक्यांतला खडूचा पांढरा थर काढला. हे प्रुफं घेऊन बसले होते, कारण पुढचा अंक. पाय बदलायला सांगितला की बदलत होते. मध्येच म्हणाले, "हळू, गुदगुल्या होतात."

संध्याकाळी देवळात फादरांनी ह्यांच्या पायांवर पाणी घातलं, पुसलं आणि ओठ टेकवले. पाय कसे लख्ख दिसत होते. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, सरांचे पाय सगळ्यांत स्वच्छ. मी म्हटलं, हो, ते काळजी घेतात.

मिस्सा झाल्यावर मी आधी घरी आले. चुलीवर पाणी ठेवलं. घंगाळ घासून ओसरीवर ठेवलं, शेजारी दुमडलेला पंचा. हे माझं मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं. मग खुर्चीत बसले. कुंपणापलीकडे पास्कलनं फेलसूला स्टुलावर बसवलं होतं आणि घरची सगळी दारात उभी होती. त्यानं पाणी ओतलं. फेलसू किंचाळली, गार आहे म्हणाली. तो मुकाट्यानं उठला, आत गेला आणि पाणी तापवून आला, कारण लेखात कोमट लिहिलं होतं. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. फेलसूसारखी बडबडी बाई, पण एक शब्द नाही. मला ती शांतता सहन होईना. मी आत जाऊन उगाच डबे लावले आणि पुन्हा येऊन बसले.

ह्यांना देवळाबाहेर वाचकांनी गराडा घातला होता. हे आले तेव्हा माझं पाणी निवलं होतं. घंगाळ बघून ह्यांना आठवलं. चेहरा गोरामोरा झाला. "अरे हो," म्हणाले, "बस ना, मी आत्ता..."

"तिचे धुऊन झालेत ना?" मी म्हटलं. "माझे मी धुते."

"कुणाचे?"

"तुमच्या जोडीदारिणीचे. भेगा फार आहेत तिला."

मी घंगाळ उचललं, पाणी कढीलिंबाच्या झाडाला ओतलं आणि आत गेले.

येशूच्या मरणाच्या शुक्रवारी देवळाची घंटा वाजत नाही. सकाळपासून गाव कसं आवाज गिळून बसलेलं असतं. पेज पिऊन आम्ही क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीला गेलो. उन्हात तापलेल्या रस्त्यावरून लोक अनवाणी चालत होते आणि मी खाली बघून इतर बायकांचे पाय मोजत होते, कुणाचे धुतलेले, कुणाचे तसेच. फेलसू माझ्या बाजूला आली. हळूच म्हणाली की पास्कू धुताना रडला, आणि मग तीही रडली, आणि मुलं घाबरली. मी तिचा हात दाबला. आत मात्र मी जळून कोळसा झाले होते. हे मागे पुरुषांत चालत होते, खाली मान घालून. त्या दिवशी घरी टेबलावर कागद पसरले गेले नाहीत. शाईच्या पेनाला टोपण होतं ते तसंच राहिलं.

मग शनिवार. ह्या दिवसाला माझ्या मते काहीच नाव नाही. देव थडग्यात असतो, देवळात काही नसतं, रात्रीपर्यंत नुसतं थांबायचं. घरोघर ईस्टरच्या तयारीला बायका जुंपलेल्या असतात आणि बाप्ये पायांत येतात. मी दुपारी वाडीत अळूला पाणी सोडत होते. पाय घोट्यापर्यंत चिखलात. पाणी बंद करून विहिरीजवळच्या दगडावर येऊन बसले तेव्हा हे बादली घेऊन आले. शाळेची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. प्रार्थना वगैरे काही म्हटली नाही. खाली ओल्यातच बसले आणि माझा पाय ओढून घेतला.

पाणी विहिरीचं होतं, चांगलं गार. चिखल वाळायला लागला होता, तो निघेना. हे नखानं खरवडत होते, आणि खरं सांगायचं तर ह्यांना पाय धुता येत नव्हते. टाच धरली, उलटी करून बघितली, अंगठ्यानं चोळली.

"भेगा नाहीत तुला," म्हणाले.

"कधीच नव्हत्या."

"आईच्या होत्या." ह्यांनी टाच पुन्हा चोळली. "लिहिताना आईचेच पाय समोर आले."

सासूबाईंचे पाय मी पाहिले होते, शेवटच्या आजारात त्यांना मीच तेल लावायची. मग ह्यांनी दुसरा पाय घेतला. अंगठ्यावरचा चिखल काढला आणि बोट तिथेच राहिलं. नख नसलेल्या गोळ्यावरून एकदा, दोनदा फिरलं.

"शिंगाळा," हे म्हणाले.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. अर्नाळ्याला माहेरी गेलो होतो आणि मासळी वाळवायच्या जागेवर जाळ्यात दडलेल्या शिंगाळ्याचा काटा माझ्या अंगठ्यात गेला. तो मासा मेला तरी त्याचा काटा विषारी. ह्यांनी आपला रुमाल बांधला, मला सायकलवर बसवलं आणि सायकल हातानं धरून आगाशीच्या डॉक्टरपर्यंत पळत आले. भाऊ म्हणत होते, आम्ही नेतो, हे ऐकायला तयार नव्हते. आई नंतर कितीतरी वर्षं लोकांना सांगायची, "पोर नाय रडली, जावय रडला." तेव्हा मासिक नव्हतं, सदर नव्हतं. ह्यांनी त्यातलं काही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं की विसरूनही गेले.

मला रडू आलं. ते मी चिखलाच्या हातानं पुसलं आणि तोंड बरबटलं. हे हसले, मग मीही हसले. कुंपणापलीकडे फेलसू कपडे वाळत घालत होती, तिनं पाहिलं की नाही, मला त्या वेळी फिकीर नव्हती. पाय धुऊन झाले. मी ते खाली ठेवले नाहीत.

मग म्हटलं, "हे लिहायचं नाही."

"नाही."

"एक ओळसुद्धा नाही."

"नाही लिहिणार," हे म्हणाले.

पुढच्या महिन्याचा अंक आला तेव्हा मी घाईघाईनं ते पान उघडलं. जोडीदारीण होती, मुलांच्या परीक्षेच्या वेळी नवऱ्याला समजुतीचे चार शब्द सांगत होती. शनिवारचं काही नव्हतं. मला बरं वाटलं. हे आता संध्याकाळी थोडा वेळ ओसरीवर बसायचे, आठवड्यातून एखाद्या सकाळी चहाही करायचे, अगदी पाणचट, आणि तो चहा कुठे छापून येत नव्हता. माझी त्या बाईवर कुरघोडी झाली होती. तिच्याकडे सगळं होतं, पण शिंगाळा नव्हता.

त्याच्या पुढच्या अंकात नव्हतं. नाताळच्या अंकात नव्हतं. पुढच्या उपवासकाळात नव्हतं. हळूहळू मला बरं वाटेनासं झालं. जोडीदारिणीच्या डोळ्यांवर अर्धं पान यायचं. तिच्या आजारपणावर, तिच्या चष्म्यावर, तिच्या पिकलेल्या पहिल्या केसावर आलं. बाजारात बायका तिची चौकशी करायच्या. दर महिन्याला खळ करपेपर्यंत मी उभ्यानं ते पान वाचायची आणि मिटायची. मग वर्गणीदार कमी झाले, छापखान्याच्या मालकानं जागा विकली, ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि 'घरधनी' बंद पडलं. शेवटच्या अंकात ह्यांनी निरोप घेतला. तोही मी तो शनिवार शोधत शोधत वाचला.

आज दुपारी जेवण झाल्यावर हे खिडकीशी बसले होते. कपाळावरची राख घामानं ओघळून भुवईवर आली होती, ती मी पदरानं पुसली. आणि इतक्या वर्षांनी विचारलं, की त्या शनिवारचं कधी लिहावंसं वाटलं नाही का?

ह्यांनी कुठला शनिवार, असं विचारलं नाही.

"तू नको म्हणाली होतीस."

"मग एकदा विचारायचं."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही," मी म्हटलं. "तरी विचारायचं."